युद्धकैद्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धकैदी नेमके कोणाला म्हणतात?

दोन देशांच्या सशस्त्र संघर्षात शत्रूच्या हाती जिवंत सापडलेल्या सैनिकाला. १२ ऑगस्ट १९४९ रोजी झालेल्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या चौथ्या कलमात याची यादी दिलेली आहे. नियमित फौजेचे जवान आणि अधिकारी तिच्यात येतातच, शिवाय फौजेबरोबर परवान्याने फिरणारे वार्ताहर, रसद पुरवणारे ठेकेदार आणि व्यापारी जहाजांवरचे खलाशीही येतात. फौजेत नसलेल्या स्वयंसेवी पथकांनाही हा दर्जा मिळू शकतो, मात्र त्यांच्यावर जबाबदार प्रमुख हवा, दुरून ओळखू येईल असे कायमचे चिन्ह हवे, शस्त्रे उघडपणे बाळगलेली हवीत आणि युद्धाचे नियम पाळलेले हवेत. पकडले गेलेले लष्करी डॉक्टर आणि धर्मगुरू मात्र तांत्रिक अर्थाने युद्धकैदी ठरत नाहीत. त्यांना आपल्याच कैद्यांच्या सेवेसाठी थांबवून घेता येते, एवढेच.

युद्धाची औपचारिक घोषणा झालेली असणे आवश्यक नाही. 'युद्ध जाहीरच झाले नव्हते, मग युद्धकैदी कसला?' हा प्रश्न २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पकडले गेले तेव्हा दूरचित्रवाणीच्या चर्चांमध्ये पुष्कळदा ऐकू आला. कराराच्या दुसऱ्याच कलमात त्याचे उत्तर आहे: एका देशाने युद्धस्थिती मान्य केली नाही तरी करार लागू होतो.

'युद्धबंदी' हा शब्द येथे का वापरलेला नाही?

मराठीत तो फसवा आहे. हिंदीत युद्धबंदी म्हणजे पकडलेला सैनिक. मराठी वाचकाला मात्र दारूबंदी, नोटबंदी या चालीवर लढाई थांबल्याची बातमी वाटते आणि आपली वर्तमानपत्रेही तो शब्द त्या अर्थाने वापरत आली आहेत. म्हणून येथे युद्धकैदी.

या सैनिकाने गुन्हा केलेला नसतो, तर त्याला डांबून कशासाठी ठेवायचे?

या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण पुढचे बहुतेक नियम त्याच्या उत्तरातून निघतात. शत्रूच्या सैनिकाने आपल्या जवानावर गोळी झाडली, तरी युद्धाच्या नियमांत राहून झाडलेली ती गोळी कायद्याच्या दृष्टीने खून नसते. तो आपल्या देशाच्या हुकमाने लढत होता, जसा आपला जवान आपल्या देशाच्या हुकमाने लढत होता. त्याला ठेवून घेण्याचे कारण एकच, तो परत जाऊन पुन्हा बंदूक उचलू नये. म्हणजे ही कैद शिक्षा नाही, अडवणूक आहे. म्हणूनच त्याला तुरुंगाच्या इमारतीत ठेवण्यास मनाई आहे (अगदी त्याच्याच हिताचे असेल असा अपवाद सोडून), म्हणूनच त्याच्या खांद्यावरची पदचिन्हे उतरवता येत नाहीत, म्हणूनच तो शत्रूच्या अधिकाऱ्यालाही सलाम करतो आणि म्हणूनच लढाई संपताच त्याला सोडावे लागते. आपल्याकडे 'कैदी' म्हटले की गुन्हेगारच डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे हा मुद्दा मनात उतरायला वेळ लागतो.

पकडलेल्या सैनिकाला काय काय विचारता येते?

विचारता काहीही येते. त्याने सांगायलाच हवे अशा गोष्टी चार आहेत: नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक. उरलेल्याला तो नकार देऊ शकतो, आणि नकार दिला म्हणून छळ करणे, धमकावणे, शिवीगाळ करणे किंवा इतरांपेक्षा वाईट वागवणे यांस सतराव्या कलमाने बंदी आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती सापडले, तेव्हाच्या चित्रफितीत हे कलम प्रत्यक्ष दिसते. कोणते विमान, कोणती कामगिरी असे प्रश्न येत राहतात, आणि हातात चहाचा कप घेतलेला तो माणूस शांतपणे, अदबीने, हे मी सांगणे अपेक्षित नाही असे म्हणत राहतो. लोकांच्या लक्षात चहा राहिला. लक्षात ठेवण्यासारखा होता तो नकार.

मग ती चित्रफीत प्रसारित करणे योग्य होते का?

नाही. तेरावे कलम युद्धकैद्याला मारहाणीबरोबरच अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासूनही संरक्षण देते. डोळ्यांवर पट्टी आणि चेहऱ्यावर रक्त अशा अवस्थेतल्या माणसाचे चित्रण जगाला दाखवणे त्यात बसत नाही. भारताने तेव्हा अधिकृत निषेध नोंदवला तो याच आधारावर. सौजन्याने वागवल्याचे दाखवणारे चित्रणही त्याच कलमाच्या कक्षेत येते, कारण कैद्याचा वापर प्रचारासाठी होतो. हाच निकष आपल्यालाही लागतो, हे मात्र आपण सहसा बोलत नाही. पकडलेल्या माणसाचा चेहरा व्हॉट्सॲपवर पुढे ढकलताना तो कोणत्या बाजूचा आहे यावरून आपले मत बदलत असेल, तर तो निकष उरतच नाही.

छावणीतले रोजचे जगणे कसे असावे?

करारात एकूण १४३ कलमे आहेत आणि त्यांतली बरीचशी अगदी घरगुती तपशिलांची आहेत. निवासाची सोय आपल्या स्वतःच्या सैनिकांइतकी हवी. जेवण पुरेसे हवे आणि कैद्यांच्या खाण्याच्या सवयी लक्षात घेऊन दिलेले हवे. तंबाखूला परवानगी हवी. छावणीत कॅन्टीन हवे, त्यात साबण आणि तंबाखू मिळायला हवी आणि किंमत बाजारभावापेक्षा जास्त नको. महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे लिहू द्यावीत. हुद्द्यानुसार दरमहा आगाऊ वेतन द्यावे: सार्जंटच्या खालच्या सैनिकाला ८ स्विस फ्रँक, जनरलला ७५. हे आकडे १९४९ चे आहेत आणि आज वाचताना गंमत वाटते, पण त्यामागचा विचार गमतीचा नाही. कैदेतही माणूस पगारी सैनिकच राहतो.

जवानाला कामाला लावता येते, सार्जंट वगैरेंना फक्त देखरेखीचे काम देता येते, आणि अधिकाऱ्याला काम करायला भाग पाडता येत नाही. सुरुंग काढण्यासारखे जिवावरचे काम स्वेच्छेशिवाय कोणालाच देता येत नाही.

पळून जाण्याचा प्रयत्न करणे गुन्हा आहे का?

युद्धकायदा पळण्याच्या प्रयत्नाला जवळजवळ सैनिकाचे कर्तव्यच समजतो. पळताना पकडला गेला तर त्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि शिस्तभंगाची कोणतीही शिक्षा ३० दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. पळून आपल्या फौजेला जाऊन मिळाला आणि पुढे पुन्हा पकडला गेला, तर आधीच्या पलायनाबद्दल अजिबात शिक्षा नाही.

याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे भारतीय हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचे सुखोई विमान पाडले गेले आणि ते रावळपिंडीच्या छावणीत पोचले. ऑगस्ट १९७२ मध्ये एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी कोठडीच्या भिंतीला भोक पाडले, तिघे बाहेर पडले, पेशावरला गेले आणि तिथून खैबर खिंडीतून अफगाणिस्तानच्या दिशेने निघाले. सरहद्द काही मैलांवर राहिली असताना त्यांनी 'लंडी खाना' या रेल्वे स्थानकाची वाट विचारली. त्यांच्या नकाशावर ते होते. प्रत्यक्षात तिथली गाडी १९३२ मध्येच बंद झाली होती. चाळीस वर्षे बंद असलेल्या स्थानकाचा पत्ता विचारणारे लोक संशयास्पद वाटले आणि तिघे पकडले गेले. हेर समजून त्यांना तिथेच संपवले जाण्याचा धोका खरा होता, कारण ते साध्या कपड्यांत होते. आपण युद्धकैदी आहोत हे पटवून देता आले म्हणून ते वाचले आणि डिसेंबर १९७२ मध्ये बाकीच्यांबरोबर मायदेशी परतले.

१९७१ च्या ९३ हजार पाकिस्तानी कैद्यांना भारताने कसे वागवले?

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात सही झालेल्या शरणपत्रातच लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांनी जिनिव्हा करारानुसार सन्मानाने वागवण्याची हमी दिली होती. सुमारे ९३ हजारांतले सगळे सैनिक नव्हते; नागरी कर्मचारी आणि कुटुंबीयही त्यांत होते. त्यांना भारतात आणून उत्तर आणि मध्य भारतातल्या छावण्यांत ठेवले गेले. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेचे प्रमुख जनरल नियाझी जबलपूरला होते. राहणे, जेवण, पत्रव्यवहार, रेडक्रॉसच्या भेटी या बाबतींत भारताची कामगिरी एकूण चांगली होती. छावण्यांमध्ये गोळीबाराच्या घटना घडल्या आणि काही कैदी त्यांत मेले, हेही त्याच नोंदींत आहे.

अडचण वागणुकीची नव्हती, मुदतीची होती. प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर विनाविलंब सुटका करावी, असे ११८ वे कलम सांगते. १७ डिसेंबर १९७१ ला तोफा थांबल्या. पूर्वेकडच्या कैद्यांची परतपाठवणी सप्टेंबर १९७३ मध्ये सुरू झाली आणि ३० एप्रिल १९७४ ला नियाझी वाघा ओलांडून गेले. भारताचे म्हणणे असे होते, की शरणागती भारत आणि बांगलादेशाच्या संयुक्त कमांडपुढे झाली, त्यामुळे बांगलादेशाच्या संमतीशिवाय कैदी सोडता येत नाहीत; आणि पाकिस्तान तर बांगलादेशाला मान्यताच देत नव्हता. राजकारण म्हणून हे समजण्यासारखे आहे. पाकिस्तानात अडकलेले बंगाली, जुलै १९७२ चा सिमला करार, काश्मीरचा प्रश्न, सगळेच एकात एक गुंतलेले होते आणि २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली कराराने तो गुंता बराचसा सुटला. पण कलमाचे शब्द समोर ठेवले तर भारताची बाजू लंगडी होती, असेच मला वाटते. कैदी हा वाटाघाटीतला ऐवज असू नये, यासाठीच तर ते कलम १९४९ मध्ये लिहिले गेले होते.

त्यांतल्या १९५ जणांवर खटले का चालले नाहीत?

युद्धकैद्याला लढल्याबद्दल शिक्षा नाही, पण युद्धगुन्ह्याबद्दल आहे. नागरिकांची कत्तल, बलात्कार, कैद्यांचा खून यांना सैनिकाचा गणवेश झाकू शकत नाही. बांगलादेशाने १९५ पाकिस्तानी अधिकारी आणि जवानांवर असे खटले चालवण्याचे ठरवले होते. पाकिस्तान मे १९७३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि खटल्याचा अधिकार आपलाच असल्याचे म्हणाला. डिसेंबरमध्ये त्याने ती तक्रार मागे घेतली. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याने बांगलादेशाला मान्यता दिली आणि ९ एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारात बांगलादेशाने क्षमाभावाने खटले सोडून दिले. १९५ जण बाकीच्यांबरोबर घरी गेले. ज्यांच्या घरातली माणसे मारली गेली होती, त्यांना त्या सहीसाठी कोणी विचारले नव्हते.

गोव्यात पकडलेल्या पोर्तुगीज सैनिकांचे काय झाले?

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव मिळून तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक भारताच्या ताब्यात आले. फोंडा, नावेली आणि वास्कोजवळच्या छावण्यांत ते मे १९६२ पर्यंत होते. हा विलंब मुख्यतः लिस्बनमुळे झाला. हुकूमशहा सालाझार यांनी लढाईआधीच गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना कळवले होते, की पोर्तुगीज कैदी असण्याची शक्यता आपल्याला दिसत नाही. सैनिक आणि खलाशी विजयी तरी असतील किंवा मृत तरी. व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरण जाऊन आपली माणसे वाचवली. परतल्यावर त्यांना सैन्यातून काढून टाकले गेले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांना पद परत मिळाले. शत्रूच्या छावणीपेक्षा मायदेशातले स्वागत कडू निघाल्याची ही एकटीच हकिगत नाही.

कैद्यालाच परत जायचे नसेल तर?

१९४९ च्या करारकर्त्यांनी हा प्रश्न जवळजवळ गृहीतच धरला नव्हता आणि चार वर्षांत कोरियाच्या युद्धात तो पुढे ठाकला. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे असलेल्या २२ हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियाई कैद्यांनी घरी जायला नकार दिला. दुसऱ्या बाजूला असे साडेतीनशेच्या आसपास होते. या सगळ्यांचा ताबा भारताकडे सोपवला गेला. परतपाठवणीसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि कैद्यांचा ताबा घेणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. पानमुनजोमजवळच्या निर्लष्करी पट्ट्यात तारांच्या कुंपणांमागे दोन्ही बाजूंचे कैदी, त्यांत घुसलेले हस्तक, कुंपणाबाहेर दोन्ही बाजूंचे प्रचारक, आणि मध्ये आपले जवान. एकदा चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेले. थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणले. गोळीबाराचा हुकूम देणे सोपे होते. कैद्याच्या जिवाची जबाबदारी आपली आहे, हे मानणाऱ्या अधिकाऱ्याला ते तेवढे सोपे राहत नाही.

जानेवारी १९५४ मध्ये उरलेले बहुतेक कैदी ज्यांच्याकडून आले होते त्यांच्याकडेच परत दिले गेले. कोणत्याच बाजूला न जाऊ इच्छिणारे ऐंशीहून अधिक जण आपल्या जवानांबरोबर भारतात आले. तेव्हापासून कैद्याला त्याच्या मनाविरुद्ध परत पाठवू नये, ही प्रथा रूढ झाली.

कसाब जिवंत पकडला गेला होता. तो युद्धकैदी का नव्हता?

त्याच्यावरच्या आरोपांत 'देशाविरुद्ध युद्ध पुकारणे' हा शब्दप्रयोग होता, म्हणून हा गोंधळ होतो. तो तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या १२१ व्या कलमातला गुन्हा होता, आंतरराष्ट्रीय कायद्यातले युद्ध नव्हे. कसाब कोणत्याही देशाच्या फौजेचा सैनिक म्हणून आला नव्हता, गणवेश किंवा चिन्ह नव्हते, आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्याने प्रवाशांवर गोळ्या झाडल्या. म्हणून तो साधा आरोपी होता, आणि साध्या आरोपीला मिळते ते सगळे त्याला मिळाले: वकील, साक्षीपुरावा, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. 'एवढा खर्च कशाला?' असे तेव्हा पुष्कळ जण म्हणत होते. अमेरिकेने जानेवारी २००२ मध्ये ग्वांटानामोच्या लष्करी तुरुंगात काढलेला मार्ग त्याच्याशेजारी ठेवून पाहावा: ना युद्धकैदी, ना आरोपी. तिथे काही जण आरोपाशिवाय वीस-वीस वर्षे राहिले, आणि यातना देऊन काढलेल्या जबान्यांमुळे खटले अजून अडखळत आहेत.

ज्याला युद्धकैद्याचा दर्जा नाही त्याला काहीच संरक्षण नाही, असेही नाही. चारही जिनिव्हा करारांत सारखेच असलेले तिसरे कलम अंतर्गत संघर्षात पकडलेल्या कोणालाही खून, यातना आणि अपमान यांपासून वाचवते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ग्वांटानामोच्या कैद्यांनाही हे कलम लागू असल्याचे मान्य केले.

शत्रू नियम पाळत नसेल, तर आपण का पाळावेत?

कायद्याचे उत्तर एका ओळीत येते: युद्धकैद्यांवर सूड उगवण्यास करारात पूर्ण बंदी आहे आणि ती समोरच्याच्या वर्तनावर अवलंबून नाही. पण विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच जवान असतात. मे १९९९ मध्ये, कारगिल युद्धाच्या सुरुवातीला, काकसर भागात गस्तीवर असताना ते पकडले गेले आणि जूनमध्ये त्यांचे विटंबना झालेले मृतदेह परत आले. पाकिस्तानने छळ केल्याचे नाकारले. त्याच युद्धात पकडलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता मात्र आठवड्याभरात रेडक्रॉसच्या हाती सुखरूप सोपवले गेले. त्या संतापाला 'कायदा असे सांगतो' हे उत्तर अपुरे आहे, हे मान्य करायला हवे.

त्याहून जुने उत्तर आपल्याच परंपरेत आहे. हात जोडलेल्याला, केस मोकळे सुटलेल्याला, 'मी तुझा आहे' म्हणणाऱ्याला मारू नये, असे मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. दाती तृण धरून आलेल्याला अभय देणे हा आपल्या भाषेतला वाक्प्रचारच आहे. आणि अभय न मिळाल्यास काय होते, हेही मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पानिपतानंतर अफगाण छावणीत कैद्यांची कत्तल झाली. जनकोजी शिंदे आणि इब्राहिमखान गारदी लढताना नव्हे, पकडल्यावर मारले गेले. ती जखम आपण अडीचशे वर्षे वागवतो आहोत, आणि तिच्यातले दुःख हरण्याचे जेवढे आहे तेवढेच पकडलेल्यांना मारल्याचे आहे.

व्यवहाराचेही एक उत्तर आहे. शरण गेलो तर जगू, अशी खात्री असेल तरच समोरचा शस्त्र टाकतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती लागलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी ३० लाखांहून जास्त मेले. ही बातमी आघाडीवर पसरल्यावर सोव्हिएत सैनिक शरण जाण्यापेक्षा मरेपर्यंत लढणे पसंत करू लागले, आणि त्याची किंमत जर्मन सैनिकांनीही मोजली.

भारतातल्या न्यायालयात याबद्दल दाद मागता येते का?

थोडीच. भारताने १९५० मध्ये करार मान्य केले आणि १९६० मध्ये जिनिव्हा करार अधिनियम केला. कैद्याचा हेतुपुरस्सर खून केल्यास त्यात फाशी किंवा जन्मठेप आहे, इतर गंभीर भंगांना १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र सरकारने तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार असण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच्याच हातात दाराची किल्ली आहे.

बेपत्ता सैनिक शत्रूच्या कैदेत आहे की नाही, हे कुटुंबाला कसे कळते?

छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत कैद्याला एक कार्ड भरू द्यावे लागते. त्याची एक प्रत घरी जाते आणि दुसरी जिनिव्हातल्या रेडक्रॉसच्या शोधकेंद्राकडे. ताब्यात घेणाऱ्या देशाने माहिती कचेरी उघडून नावे कळवायची असतात आणि रेडक्रॉसच्या प्रतिनिधींना कैद्यांशी साक्षीदाराशिवाय बोलू द्यायचे असते. या साखळीतली पहिली कडी म्हणजे ते कार्ड. ते भरलेच गेले नाही, तर माणूस कागदावर कधी पकडलाच गेलेला नसतो.

१९७१ च्या युद्धातले ५४ भारतीय सैनिक पाकिस्तानच्या तुरुंगांत असल्याचे त्यांची कुटुंबे सांगत आली. पुढे सरकारने अशा बेपत्तांचा आकडा ८३ सांगितला. असे कोणीही आपल्याकडे नाही, हे पाकिस्तानचे उत्तर बदललेले नाही. २००७ मध्ये काही नातेवाइकांना पाकिस्तानातल्या तुरुंगांत नेऊन दाखवले गेले. ते हातात जुनी छायाचित्रे घेऊन गेले होते, पंचविशीतल्या मुलांची. आणि शोधायची होती साठीतली माणसे.